केळीच्या खोडात कापड आहे. पण मशीनआधी हिशेब मांडा

केळीचा घड व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये गेला की पैसा हातात येतो आणि खोड शेतात उरते. हे खोड म्हणजे आपल्याला डोकेदुखी. मजूर लावून ते कापायचे, ओढत बांधावर न्यायचे, नाही तर नाल्यात किंवा रस्त्याच्या कडेला टाकायचे. पावसाळ्यात ते कुजते, वास सुटतो आणि अशा कुजक्या खोडातच खोडकिडीचा भुंगा वाढतो. म्हणजे पदरचे पैसे घालून आपण कीड पाळतो.

हा कचरा थोडाथोडका नाही. एक हेक्टर बागेतून साधारण ६० ते ८० टन खोड निघते. एकरी हिशेब धरला तर २४ ते ३२ टन! रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतल्या बागा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे केवढा ढीग होतो ते कळेल. याच खोडापासून धागा निघतो आणि त्या धाग्याचे कापड होते. केळीच्या चिकाचा डाग कापडाला पडला तर जन्मात जात नाही हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच झाडाचे कापड विणता येते, हे मात्र आपल्याकडे फार जणांना ठाऊक नाही.

ही गोष्ट नवी नाही

जपानच्या ओकिनावा बेटांवर किजोका नावाचे एक गाव आहे. तिथल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या केळीच्या धाग्याचे कापड विणत आल्या आहेत. त्याला ‘बाशोफू’ म्हणतात. कापड हलके आणि उन्हाळ्यात अंगाला गार लागणारे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कला बुडायच्या बेतात होती. तोशिको ताइरा या बाईंनी गावातल्या स्त्रियांना सोबत घेऊन ती परत उभी केली. १९७४ साली जपान सरकारने या कलेला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. ताइराबाई २०२२ साली वारल्या, पण त्यांचे काम चालू आहे. एका किमोनोपुरत्या कापडाला तिथे सुमारे २०० झाडे लागतात. मात्र ती केळी धाग्यासाठीच लावलेली असते, तिचे फळ खाण्याच्या कामाचे नसते. आपल्याला फळाचे पैसे आधीच मिळालेले असतात, धागा वरकड.

आपल्या देशात चेन्नईजवळच्या अनकापुत्तूर गावचे विणकर केळीच्या धाग्याच्या साड्या विणतात. अहमदाबादच्या ‘साथी’ कंपनीने याच धाग्याचे सॅनिटरी पॅड बाजारात आणले. रावेरला लागून असलेल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात महिला बचत गट धागा काढून वस्तू करतात. गुजरातच्या नवसारी कृषी विद्यापीठाने तर अख्ख्या खोडाचा उपयोग बसवला: सालीचा धागा, पाण्याचे द्रवरूप खत, चोथ्याचे गांडूळखत आणि गाभ्याची कँडी.

धागा निघतो कसा?

काम समजायला सोपे आहे. घड कापल्यावर खोड ताजे असतानाच, शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत, ते उभे चिरून सालपटे सुटी करायची. अगदी बाहेरच्या सालपटांचा धागा जाडाभरडा असतो, तो दोरी-चटईला चालतो. आतल्या सालपटांचा धागा बारीक आणि पांढरा, तो कापडाकडे जातो. मधला गाभा धाग्याच्या उपयोगाचा नाही.

मशीनमध्ये बोथट पात्यांचे एक रूळ मोटारीवर फिरते. सालपट अर्धे आत सारायचे, मागे ओढायचे, मग उलटे करून दुसरी बाजू सारायची. चोथा आणि पाणी खाली पडते, हातात धाग्याची जुडी राहते. ती स्वच्छ पाण्यात धुवायची, विंचरायची आणि नीट वाळवायची. ओलसर जुडी बांधून ठेवली की बुरशी धरते, रंग जातो आणि भाव पडतो. बोटे रुळाजवळ जाऊ देऊ नका. सैल बाह्यांचा सदरा, पदर, ओढणी मशीनजवळ नको.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. हा धागा कापसासारखा मऊ नसतो, तो तागाच्या जातीचा आहे. अंगावरच्या कपड्यासाठी तो प्रक्रिया करून मऊ करावा लागतो, बहुतेक वेळा कापसात मिसळावा लागतो. हातमागावर ताणा सुताचा आणि बाणा केळीचा, असेही करतात. ही पुढची कामे गिरणीची किंवा विणकराची. आपले काम स्वच्छ, कोरडा, लांब धागा देण्यापर्यंत.

आता हिशेब

ओल्या खोडाच्या वजनाच्या एक ते दीड टक्काच धागा मिळतो. एकरी २५ टन खोड आणि एक टक्का धागा धरला तर २५० किलो. एका मशीनवर दोन माणसे दिवसभरात साधारण १५ ते २० किलो कोरडा धागा काढतात. म्हणजे एक एकर उरकायला १३ ते १७ दिवस. खोड तर ताजेच हवे. त्यामुळे सगळी बाग एकदम कापून उपयोग नाही, घड जसजसे निघतील तसतसे खोड मशीनवर यायला हवे.

मजुरी बघा. माणशी दिवसाला साडेसात ते दहा किलो धागा पडतो. तुमच्या गावात मजुरी ४०० रुपये असेल, तर नुसती मजुरीच किलोमागे ४० ते ५३ रुपये झाली. त्यात वीज, खोडाची वाहतूक, धुणे-वाळवणे, मशीनची घट आणि कर्जाचे व्याज मिळवा. जो आकडा येईल त्याच्या वर भाव मिळाला तरच धंदा, नाही तर हौस. मशीन विकणारा फक्त धाग्याचा भाव सांगतो, हा हिशेब सांगत नाही. म्हणून मशीन बघण्याआधी गिऱ्हाईक बघा. कोण घेणार, कुठल्या प्रतीचा घेणार, किती लांबीचा, महिन्याला किती आणि पैसे किती दिवसांत, हे कागदावर घ्या. एकट्याने उडी घेण्यापेक्षा पाच-दहा बागाईतदार मिळून किंवा बचत गटामार्फत एक मशीन चालवलेले बरे.

जमिनीचे देणे विसरू नका

पिलबाग ठेवणार असाल तर खोड बुडापासून छाटू नका. जमिनीपासून सुमारे दोन फूट बुंधा उभा ठेवा. त्यातला रस पिलाला पोसतो. त्याच्या वरचाच भाग मशीनला न्या. अर्थात मग धागा वरच्या हिशेबापेक्षा कमी भरेल, तेही धरून चाला.

दुसरे असे, की खोडात भरपूर पालाश असते. धागा विकल्याने ते फारसे बाहेर जात नाही, ते राहते पाण्यात आणि चोथ्यात. पण ते पाणी नाल्यात सोडले आणि चोथा फेकून दिला, तर आपणच विकत घेतलेले खत आपण वाहवून दिले. चोथा शेणात मिसळून गांडूळखताला लावा. आणि धाग्याचा हिशेब जमतच नसेल, तर खोडाचे तुकडे करून बागेतच आच्छादन करा, कंपोस्ट करा. पण बांधावर आणि नाल्यात टाकू नका.

ग्रामसेवक, सरपंचांसाठी दोन शब्द

प्लास्टिकचेही कापड होते, हे आपण ऐकले असेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये पंतप्रधान संसदेत बाटल्यांच्या प्लास्टिकपासून केलेले जाकीट घालून आले होते. पण त्यासाठी पाण्याच्या, शीतपेयाच्या पारदर्शक बाटल्याच लागतात. त्या धुऊन, तुकडे करून, वितळवून त्यांचा पॉलिस्टर धागा काढतात. मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्या, दुधाच्या पिशव्या हे वेगळे प्लास्टिक, त्याचे कापड होत नाही. सगळे एकाच पोत्यात कोंबले तर बाटल्यांचीही किंमत जाते. ग्रामपंचायतीने बाटल्या वेगळ्या, शेतातले प्लास्टिक वेगळे अशी दोन पोती जरी लावली तरी पुष्कळ झाले. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुका पातळीवर प्लास्टिक प्रक्रिया केंद्रांची तरतूद करण्यात आली. आपल्या तालुक्याचे केंद्र कुठे आहे, चालू आहे की कुलपात, याची चौकशी पंचायत समितीत करावी.

बागाईतदारांनी येत्या कापणीत एवढे तरी करावे. दहा खोडे तोला, वजन वहीत लिहा, आपल्या बागेत एकरी किती टन निघते ते काढा. ती वही घेऊन पाल किंवा ममुराबादच्या कृषि विज्ञान केंद्रात जा आणि चालू असलेले मशीन कुठे बघायला मिळेल ते विचारा. तिथे दिवसभर थांबा, संध्याकाळी धागा तोलून बघा. मगच पैसे गुंतवायचे की नाही ते ठरवा.