विमानाच्या वेळेचे गणित

नागपूर ते पुणे हे हवाई अंतर सुमारे ६०५ किलोमीटर आहे. रस्त्याने मात्र ते ७०० किलोमीटरांहून अधिक भरते, कारण रस्ता गावे जोडत, वळणे घेत जातो. उंचावरून उडणारे जेट विमान ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. या हिशोबाने ४५ मिनिटे पुरायला हवीत. पण वेळापत्रकात सव्वा ते दीड तास दिलेला असतो. मग आपले गणित चुकले का?

नाही. विमान आधी धावपट्टीपर्यंत सावकाश जाते. मग ते हळूहळू वर चढते आणि पुणे येण्याच्या बऱ्याच आधीपासून खाली उतरू लागते. पूर्ण वेग फक्त मधल्या टप्प्यात मिळतो. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा सर्व वेळ वेळापत्रकात धरतात.

कधी कधी एकेका मिनिटाला जिवाचे मोल असते. दान केलेले हृदय साधारणपणे ४ तासांच्या आत दुसऱ्या रुग्णाला बसवावे लागते. तेवढ्या वेळात मोटारीने पुणे गाठता येत नाही, विमानाने गाठता येते. तरीही रुग्णालय ते विमानतळ हा रस्ता पोलिसांना मोकळा ठेवावा लागतो. म्हणून प्रवासाचा वेळ नेहमी दारापासून दारापर्यंत मोजावा.