बाळाच्या पोटातली वस्ती सांभाळा!

मराठीत सर्दी-खोकला म्हणा की कन्नडमध्ये नेगडी-केम्मू, पावसाळा लागला की हा पाहुणा घरोघरी येतोच. घरात तान्हे बाळ असले तर सगळ्यांचाच जीव खालीवर होतो. मग कुणीतरी मेडिकलमध्ये जाऊन 'मागच्या वेळचेच औषध द्या' म्हणते आणि अँटिबायोटिकची बाटली घरी येते. चार दिवसांत बाळाचे नाक वाहायचे थांबते, औषधाला गुण आला असे वाटते. खरे तर साधी सर्दी विषाणूंमुळे होते. अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. ती सर्दी आपोआपच गेलेली असते. मात्र त्या औषधाने बाळाच्या पोटात काय केले, ते कुणाला दिसत नाही.

पोटातली शाळा

जन्मतेवेळी बाळाच्या आतड्यात जिवाणू जवळजवळ नसतातच. जन्मताना आईकडून, मग तिच्या दुधातून, स्पर्शातून आणि घरातल्या माणसांकडून ते येतात आणि तिथे वस्ती करतात. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात, की त्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. मग त्या कशासाठी? तर बिफिडोबॅक्टेरियम नावाच्या उपकारक जिवाणूंसाठी! निसर्गाने आईच्या दुधात बाळाबरोबर या पाहुण्यांचेही ताट वाढून ठेवले आहे.

या वस्तीच्या संगतीत बाळाची प्रतिकारशक्ती शिकत असते. कोणाशी लढायचे आणि कोणाला सोडून द्यायचे, हे तिला पहिल्या वर्षात उमगू लागते. हे शिक्षण अपुरे राहिले, तर पुढे धूळ, परागकण, अंडे किंवा दूध अशा निरुपद्रवी गोष्टींनाही ती शत्रू समजू शकते. इसब, दमा, सततच्या शिंका, एखाद्या पदार्थाचे वावडे ही सारी त्याचीच रूपे. अर्थात आनुवंशिकता, हवा, धूर ही कारणेही असतातच.

कॅनडातला अनुभव

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००५ पासून डॉक्टर आणि पालक, दोघांसाठी अँटिबायोटिकच्या जपून वापराची मोहीम चालली. २००० साली तिथे एक वर्षाखालील दर हजार बाळांमागे अँटिबायोटिकच्या सुमारे १,२५० चिठ्ठ्या लिहिल्या जात. २०१४ पर्यंत त्या ४९० च्या आसपास आल्या. त्याच काळात एक ते चार वर्षांच्या मुलांतील दम्याचे नवे रुग्ण हजारी २७.३ वरून २०.२ वर उतरले.

हा योगायोग तर नव्हे? संशोधकांनी २००८ मध्ये सुरू झालेल्या 'चाइल्ड' या कॅनडाच्या मोठ्या अभ्यासातील मुलांची माहिती तपासली. पहिल्या वर्षात अँटिबायोटिक न घेतलेल्यांपैकी ५.२ टक्के मुलांना पाचव्या वर्षी दमा होता. एक कोर्स झालेल्यांत हे प्रमाण ८.१, दोन झालेल्यांत १०.२ आणि तीन किंवा अधिक झालेल्यांत १७.६ टक्के होते. शेवटच्या गटातील मुले अगदी थोडी होती, आणि एवढ्यावरून 'औषधानेच दमा झाला' असे ठामपणे म्हणता येत नाही. पण अशा बाळांच्या आतड्यातील जिवाणूंची विविधताही कमी आढळली, म्हणून हा दुवा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

याच अभ्यासातून २०२३ मध्ये आणखी एक दिलासा देणारी गोष्ट पुढे आली. अँटिबायोटिक घेताना जी बाळे आईचे दूध पीत होती, त्यांच्यात दम्याचा धोका वाढलेला दिसला नाही. जी पीत नव्हती, त्यांच्यात तो सुमारे तिप्पट दिसला. विस्कटलेली वस्ती पुन्हा बसवायला आईचे दूध मदत करते, असे यावरून दिसते.

मग औषध द्यायचेच नाही का?

असा अर्थ मुळीच काढू नका. न्यूमोनिया, रक्तातील जंतुसंसर्ग, लघवीचा संसर्ग अशा आजारांत अँटिबायोटिक बाळाचा जीव वाचवते. तिथे भीतीपोटी औषध टाळणे किंवा मनाने अर्धवट सोडणे धोक्याचे. तीन महिन्यांखालील बाळाला १०० अंशांवर ताप आला, श्वास जोरजोरात चालला, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तडक दवाखाना गाठा.

घरच्यांनी एवढे करावे

• जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्या. पहिला पिवळसर चीक फेकू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तासाभरात अंगावरचे दूध मिळालेली बाळे देशात फक्त ४१.८ टक्के होती.

• सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको. वर्षाच्या आत मध चाटवू नका, त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. गुटीचा आग्रह आजीचा असो वा अज्जीचा, आधी डॉक्टरांना विचारा.

• सिझेरियन झाले किंवा दूध कमी आले, म्हणून आईने मनाला लावून घेऊ नये. जेवढे पाजता येईल तेवढे पाजावे. घरच्यांनी तिला दोष देण्यापेक्षा विश्रांती द्यावी.

• औषधाच्या पट्टीवर किंवा खोक्यावर उभी लाल रेघ असेल, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. उरलेले औषध पुढच्या आजारासाठी किंवा शेजारच्या बाळासाठी ठेवू नका.

• डॉक्टरांना नम्रपणे विचारा, 'हा आजार जिवाणूंचा आहे की विषाणूंचा? दोन दिवस वाट पाहिली तर चालेल का?' चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.