सव्वा तासाचे विमान, सहा तासांचा प्रवास

भिवपुरी रोड स्टेशनावर उतरणाऱ्या नवख्या पाहुण्याची हमखास फसगत होते. पाटी वाचून तो उतरतो आणि गाव कुठे म्हणून विचारतो. गाव तर अजून दूर असते! स्टेशनाच्या नावातला 'रोड' हा शब्दच सांगतो की गाडी इथवर, पुढचे तुमचे तुम्ही पाहा.

परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनीही हा 'रोड' ध्यानात ठेवावा, असे आम्हांला वाटते.

आमच्या परिचयाच्या एका घरातील मुलगी जर्मनीत बॉन शहरी शिकायला गेली. तिला लंडनहून मुलाखतीचे बोलावणे आले. तिने फोनवर सांगितले, "बाबा, सव्वा तासाचे तर विमान आहे. त्याच दिवशी सकाळी निघाले तरी दहाला पोचेन."

वडील कारखान्यातले कामगार. भिवपुरी रोड ते मुंबई सुमारे 93 किलोमीटर, जायला दोन तास, यायला दोन तास. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर बाराशे तास, म्हणजे पुरे पन्नास दिवस-रात्र गाडीतच! ते म्हणाले, "पोरी, विमानाचा वेळ नको. तुझ्या दारातून त्यांच्या दारापर्यंतचा सांग."

मग बाप-लेकीने हिशेब मांडला. बॉन ते लंडन सरळ रेषेत सुमारे 510 किलोमीटर. घरापासून कोलोन-बॉन विमानतळ एक तास. तिथे दोन तास आधी हजर. विमान सव्वा तास. उतरल्यावर पासपोर्टची रांग पाऊण तास. विमानतळावरून शहरात एक तास. बेरीज झाली सहा तास! कोलोन, ब्रसेल्स करीत समुद्राखालच्या, 1994 साली सुरू झालेल्या बोगद्यातून आगगाडीने गेले तरी जवळपास तेवढेच.

घड्याळाचीही गंमत आहे. लंडनचे घड्याळ बॉनच्या एक तास मागे. सातला निघालेले विमान तिथल्या सव्वासातला पोचते. येताना मात्र सातचे विमान सव्वानऊला उतरते. वेळापत्रकात दोन्ही वेळा स्थानिक असतात, हे ठाऊक नसेल तर गोंधळ होतो.

आणखी एक 'रोड' कागदपत्रांचा. जर्मनीचा व्हिसा इंग्लंडात चालत नाही. आपल्या पासपोर्टवर इंग्लंडचा वेगळा व्हिसा लागतो, आणि तो कित्येक दिवस आधी मागावा लागतो. विमानतळाचे नावही तपासावे. पॅरिसच्या नावाने चालणारा बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे 85 किलोमीटर दूर आहे, म्हणजे मुंबईहून जवळजवळ आपल्या भिवपुरीइतका! तिकीट स्वस्त दिसते, पण बसभाडे आणि वेळ वेगळा मोजावा लागतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1920च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनहून याच बॉनच्या विद्यापीठात गेले होते. त्या काळी लोक आगगाडी, बोट आणि पुन्हा आगगाडी असे तिथे जात. आज वाट सोपी झाली आहे, पण हिशेब चुकला तर मुलाखत हुकते ती हुकतेच.

ती मुलगी व्हिसा काढून आदल्या दिवशीच निघाली आणि सकाळी दहाच्या आधी त्या दारात उभी होती. वडिलांच्या लोकलने शिकवलेले गणित तिला लंडनला उपयोगी पडले.