थायलंडच्या चार दिशांची चव

थायलंडहून परतलेल्या आपल्या माणसाला 'तिथे काय खाल्लंत?' असे विचारले, तर बहुधा ठरलेली उत्तरे येतात. कुणी भारतीय हॉटेल शोधून काढलेले असते. कुणी पाद थाई खाऊन आलेला असतो. एखादा धाडसी गडी बँकॉकच्या रस्त्यावर तळलेला विंचू हातात धरून फोटो काढून घेतो. पण विंचवाची ती गाडी मुख्यतः पर्यटकांसाठीच लागलेली असते. त्या देशाची खरी चव त्याच्या चार दिशांना, साध्या माणसांच्या ताटात आहे.

उत्तरेपासून सुरुवात करू. चियांग माईचा मानाचा पदार्थ म्हणजे खाओ सोई. नारळाच्या दुधातला मसालेदार रस्सा, त्यात अंड्याच्या मऊ शेवया आणि वर त्याच शेवया कुरकुरीत तळून टाकलेल्या. सोबत आंबवलेली मोहरीची पाने, कच्चा छोटा कांदा, लिंबू. चीनच्या युन्नान प्रांतातून खेचरांचे तांडे घेऊन येणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांशी या पदार्थाचे नाते जोडले जाते. तिथे त्यांना 'चिन हो' म्हणतात. चियांग माईतल्या बान हो मशिदीच्या गल्लीत आजही कोंबडीचा किंवा गाईच्या मांसाचा हलाल खाओ सोई मिळतो. याच भागात हिरव्या मिरच्या, लसूण, कांदा भाजून कुटतात आणि त्याला नाम फ्रिक नुम म्हणतात. आपल्या ठेच्याचा हा सख्खा भाऊ. फक्त त्यात माशाचा खारेपणा बऱ्याचदा असतो.

ईशान्येकडचा भाग म्हणजे इसान. हा कोरडवाहू मुलूख. भाषेने आणि जेवणाने लाओसच्या जवळचा. इथला भात चिकट. बांबूच्या झाकणाच्या टोपलीतून तो काढायचा, बोटांनी गोळा करायचा आणि कालवणात बुडवायचा. हाताने जेवणाऱ्या आपल्या माणसाला इथे परके वाटत नाही. सोबत सोम तम असते : मातीच्या उखळीत लाकडी मुसळाने हलके कुटलेला कच्च्या पपईचा कीस, मिरची, लसूण, लिंबू. अस्सल इसानी सोम तममध्ये 'प्ला रा' म्हणजे महिनोन् महिने आंबवलेल्या माशाचे पाणी पडते. वास उग्र, पण सुक्या बोंबलावर वाढलेल्या कोकणी माणसाने त्याला का घाबरावे?

गंमत पाहा, या पारंपरिक पदार्थातली मिरची आणि पपई दोन्ही मूळच्या अमेरिकेतल्या. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि १५११ साली त्यांचा दूत थायलंडच्या तेव्हाच्या राजधानीत, अयुथयेत पोहोचला. ज्या समुद्री वाटेने मिरची आपल्याकडे आली, तिच्याच पुढच्या टप्प्यावर थायलंड आहे.

इसानमध्ये उन्हाळ्यात तांबड्या मुंग्यांची अंडीही खातात. नाक मुरडण्याआधी आठवावे, की आपल्या गडचिरोलीच्या आणि शेजारच्या बस्तरच्या जंगलांत तांबड्या मुंग्यांची चटणी होते.

मात्र इथेच एक धोक्याची सूचना. 'कोई प्ला' नावाचा पदार्थ नदी-तळ्यातल्या कच्च्या माशांचा असतो. त्या माशांत यकृताला लागणारा एक चपटा कृमी असतो. लिंबाच्या रसाने मासा पांढरा पडतो, शिजल्यासारखा दिसतो; पण कृमी मरत नाही, तिखटाने किंवा दारूनेही मरत नाही. हा कृमी वर्षानुवर्षे पित्तनलिकेत राहतो आणि तिथे कर्करोग होऊ शकतो. जगात या कर्करोगाचे सर्वाधिक प्रमाण असलेल्या प्रदेशांत इसान मोडतो. म्हणून धाडस चवीचे करावे, कच्च्या माशाचे नव्हे. 'लाप' हा खिम्याचा पदार्थही काही ठिकाणी कच्चा देतात. तो शिजवलेलाच मागावा.

शिजलेल्याला थाई शब्द आहे 'सुक'. आणि आपल्या 'सुख' शब्दाचा थाई उच्चारही 'सुक'च. मी शब्दांत रमणारा माणूस. मला हा योगायोग फार आवडतो. प्रवाशानेही तो ध्यानात ठेवावा.

दक्षिणेत नारळ, हळद आणि समुद्र. तिथला खाओ याम म्हणजे भात, भाजलेले खोबरे, पपनस, गवती चहाच्या दांड्याच्या चकत्या, कोवळी पाने, आणि वर आंबवलेल्या माशाचा 'बुदू' रस. मलय मुसलमानांच्या पट्टानी परिसरात तो घरोघरी होतो. त्या भागात २००४ पासून अशांतता आहे, पण हा पदार्थ हात याईला किंवा बँकॉकलाही चाखता येतो. 'खाओ मोक' ही तिथली बिर्याणी. मोक म्हणजे आत पुरणे, दडवणे; कोंबडी पिवळ्या भाताखाली दडलेली असते. 'मस्समन' हे कालवणाचे नाव तर 'मुसलमान' शब्दावरूनच आले असे मानतात. त्यात आपल्या ओळखीची दालचिनी, वेलची, जिरे असतात. पुढे दुसरा राम म्हणून गादीवर आलेल्या राजाने पदार्थांवर एक काव्य रचले, त्यात या मस्समनची स्तुती आहे. कालवणावर कविता करणारा राजा मला जवळचा वाटतो.

मध्य थायलंडमध्ये एप्रिलच्या काहिलीत 'खाओ चे' खावा. मोन लोकांकडून आलेला हा पदार्थ म्हणजे फुलांच्या सुगंधी गार पाण्यातला भात, सोबत तळलेले खारे-गोड तोंडी लावणे.

आता व्यवहाराचे. डुकराचे मांस नको असेल तर 'माई आओ मू' म्हणावे. हलालचे चिन्ह पाहावे. शाकाहाऱ्यांनी पिवळ्या पताकेवरचे तांबडे 'जे' अक्षर शोधावे. तिथे माशाचे पाणीही नसते, कांदा-लसूणही नसतो. एरवी नुसते 'मांस नको' म्हटल्याने भागत नाही, कारण माशाचे पाणी तिथे मिठासारखे वापरतात.

विचारून खाण्यात कमीपणा नाही. हे कशाचे आहे, कुठून आले आणि शिजले आहे ना, हे तीन प्रश्न बरोबर ठेवले, की अनोळखी ताटापुढे निश्चिंत बसता येते.