पिवळ्या पिनेतून येणारे चित्र आणि त्याचे दोष

जुना डीव्हीडी प्लेअर नव्या दूरचित्रवाणी संचाला जोडल्यावर चित्र कृष्णधवल दिसू लागले, तर संच बिघडला असे मानण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा दोष जोडणीतच असतो. पिवळ्या पिनेच्या केबलमधून, म्हणजे कॉम्पोझिट जोडणीतून, चित्राची उजळता आणि रंग एकाच तारेवरून एकत्र जातात, तर कॉम्पोनंट जोडणीत हिरव्या तारेवर उजळता आणि निळ्या व लाल तारांवर रंगांची माहिती वेगळी जाते. अनेक नव्या संचांत जागा वाचवण्यासाठी हिरवे व पिवळे सॉकेट एकच ठेवलेले असते. तेथे पिवळी पिन बसवून मेनूत मात्र ‘कॉम्पोनंट’ निवडले गेले, तर संच त्या तारेवरची केवळ उजळता वाचतो आणि रंग हरवतात. ‘एव्ही’ निवडताच ते परत येतात.

तरीही रंग न आल्यास प्लेअरच्या सेटिंगमधील प्रक्षेपण-पद्धती पाहावी. भारतातील पाल पद्धतीत ६२५ रेषा असतात आणि रंगवाहक, म्हणजे रंगाची माहिती वाहणारी लहर, सुमारे ४.४३ मेगाहर्ट्झची असते. अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीत रेषा ५२५ आणि रंगवाहक सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झचा असल्याने तिकडून आणलेल्या प्लेअरचे चित्र केवळ पाल ओळखणाऱ्या संचावर रंगहीन दिसते किंवा वर-खाली धावते.

चित्रावरून संथपणे सरकणारा आडवा पट्टा मात्र सहसा अर्थिंगमधील फरकामुळे उमटतो. केबल टीव्हीची तार काढताच तो नाहीसा झाला, तर कारण तेच समजावे.