बिनचौकशीची कैद : समज आणि वस्तुस्थिती

काशीत जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर हिंदी जगाला 'आज' दैनिकाचे संपादक म्हणून ठाऊक आहेत. परंतु त्या पत्रात येण्यापूर्वी, क्रांतिकारकांशी संधान असल्याच्या संशयावरून १९१६ साली कलकत्त्यात पकडला गेलेला हा मराठी गृहस्थ काही वर्षे खटल्याविना बंदिवासात होता, हे काशीतील रामघाट-दुर्गाघाटाच्या मराठी वस्तीबाहेर फारसे कोणाला माहीत नसावे.

असली कैद १९१९ च्या रौलट कायद्याने अवतरली, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः तो कायदा प्रत्यक्षात कधी न वापरताच १९२२ साली रद्द झाला. खरे शस्त्र होते ते कंपनी सरकारचे १८१८ चे तिसरे रेग्युलेशन, आणि बनारस तेव्हा बंगाल इलाख्यात मोडत असल्यामुळे रामघाटही त्याच्या अमलाखाली होता. मुंबई इलाख्यासाठी १८२७ चे पंचविसावे रेग्युलेशन होते. त्याचा वार झाला तो १८९७ साली, प्लेग अधिकारी रँडच्या वधानंतर, पुण्याच्या सरदार नातू बंधूंवर : ज्या बाळाजीपंत नातूंनी इंग्रजांची इमानेइतबारे चाकरी केली, त्यांच्याच घराण्यातील हे दोघे आरोपपत्राविना कैद झाले, त्यांच्या मिळकतीवर जप्ती आली, आणि १८९९ साली सुटका झाली तेव्हाही त्यांचा गुन्हा कोणता हे सरकारने सांगितले नाही. राजनिष्ठेची ही बक्षिसी!

मंडाले म्हणताच टिळक आणि लाला लजपतराय यांची नावे आपण एका दमात उच्चारतो. परंतु लालाजी १९०७ मध्ये १८१८ च्या रेग्युलेशनखाली चौकशीवाचून हद्दपार झाले व सहाएक महिन्यांत परतले, तर टिळकांवर १९०८ मध्ये राजद्रोहाचा रीतसर खटला चालला आणि ज्यूरीतील नऊपैकी सात जणांनी त्यांना दोषी ठरविले. ती शिक्षा अन्याय्य खरीच. पण टिळकांना न्यायासनापुढे आपली कैफियत मांडता आली, लालाजींना आणि नातूंना तेवढीही मुभा नव्हती.

या बिनचौकशीच्या कैदेला अंदाधुंदी म्हणणेही चूक. प्रत्येक राजबंद्याविषयी १ जानेवारीला आणि १ जुलैला अधिकाऱ्याने अहवाल पाठवावा, अशी तरतूद १८१८ च्या रेग्युलेशनमध्येच होती. कागद चोख होता, फक्त न्यायाधीश नव्हता.

आणि ही प्रथा इंग्रजांबरोबर गेली, हा शेवटचा भ्रम : प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा स्वतंत्र भारतात १९५० मध्येच झाला, आणि संविधानाचा २२ वा अनुच्छेद अशा स्थानबद्धतेस आजही मर्यादांसह मान्यता देतो.