डोळ्याचा पडदा

माझा मामा मुंबईला घाटकोपरला राहतो. त्याला उणे ९ नंबरचा चष्मा आहे. एके दिवशी त्याच्या डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके तरंगायला लागले, मधेच वीज चमकायची. आजी म्हणाली, "दुखत नाही ना? मग राहू दे." पण मामीने त्याला लगेच राजावाडी रुग्णालयात नेले. डॉक्टर म्हणाले, "पडदा पातळ होऊन भोक पडले आहे."

डोळ्याच्या आत मागे पडदा असतो. त्यावर चित्र उमटते, म्हणून आपल्याला दिसते. उणे नंबर मोठा असला की डोळा लांबट होतो व पडदा ताणून पातळ होतो. फुगा फुगवला की रबर पातळ होते ना, तसेच. भोकातून पाणी मागे शिरले तर पडदा सुटतो आणि दिसेनासे होते. पण दुखत मात्र नाही!

मामाच्या भोकाभोवती लेसर किरणांनी डाग दिले. पडदा तिथे चिकटला. नजर वाचली.

मला फळा अंधुक दिसायचा, मी लपवत होतो. मग गुरुजींना सांगितले. आता मला चष्मा आहे.

मित्रांनो, लपवू नका. रोज मोकळ्यावर खेळा. सूर्याकडे टक लावून बघू नका. आईबाबांनो, डोळ्यात वीज चमकली तर दुखायची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी